चंद्रपूर-गडचिरोलीत पचनमार्गाच्या कर्करोगांची तपासणी: सुरुवात तोंडापासून

पचनमार्ग ओठांपासून सुरू होतो आणि गुदद्वाराशी संपतो. यकृत, पित्ताशय आणि स्वादुपिंड ही त्याला जोडलेली अंगे. यांतल्या प्रत्येक अवयवाला कर्करोग होऊ शकतो. पण काहीही त्रास नसलेल्या माणसांना बोलावून तपासण्याचा, म्हणजे स्क्रीनिंगचा, फायदा प्रत्येक अवयवाच्या बाबतीत सारखा नसतो. त्या भागात तो कर्करोग किती आढळतो, तो लवकर हाती लागेल अशी सोपी चाचणी आहे का, आणि सापडल्यावर उपचार माणसाच्या आवाक्यात आहेत का, यावर सगळे अवलंबून असते. विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी तपासणी कार्यक्रमांचे जे निकष मांडले, त्यांचा गाभा हाच आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांना हे निकष लावले तर सरसकट तपासणी तोंडाची करावी असे उत्तर निघते. अन्ननलिका, जठर, आतडे आणि यकृत यांच्या बाबतीत लक्षणे आणि जोखीम ओळखून नेमक्या माणसांना वेळेत पुढे पाठवावे. दोन्ही कामे एकाच यंत्रणेने करायची असली तरी त्यांची रीत वेगळी आहे. ती एकमेकांत मिसळली की दोन्ही बिघडतात.

तोंडाचा विचार या भागात खर्र्यापासूनच सुरू करावा लागतो. कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून पन्नीत बांधलेला खर्रा पानठेल्यावर मिळतो आणि शेतात, खाणीवर, लग्नाच्या मांडवात, पाहुणचारात हातोहात फिरतो. पुरुष खातात, बायका खातात, शाळकरी मुलेही खातात. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. पण खर्रा ठेल्यावर ताजा घोटला जात असल्याने कारखान्यातल्या पुडीसारखा तो वाटेत अडवता येत नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या दर चार प्रौढांमागे जवळपास एक जण धूरविरहित तंबाखू खाणारा निघाला. खर्र्यातली तंबाखू वाईट आणि सुपारी निरुपद्रवी, हा समज मात्र खरा नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीलाच, तंबाखूशिवायही, माणसात कर्करोग घडवणारा पदार्थ ठरवले. तोंडाच्या आतले अस्तर घट्ट आणि चिवट होत जाऊन जबडा उघडेनासा होतो, त्या सबम्यूकस फायब्रोसिसचे मुख्य कारण सुपारीच आहे.

तोंडाचा कर्करोग अचानक उगवत नाही. बहुतेक वेळा त्याआधी काही महिने ते काही वर्षे पांढरा चट्टा, लाल चट्टा किंवा आखडलेले तोंड दिसत असते. हा काळ डोळ्यांना दिसतो, म्हणून तपासणीला अर्थ आहे. महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील फली मेहता आणि सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासून १९७२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. तपासणीने मृत्यू कमी होतात का, याचे उत्तर केरळातून आले. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून १३ पंचायतींमध्ये चाचणी झाली. त्यांतल्या सात पंचायतींत डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन ३५ वर्षांवरील लोकांची तोंडे दर तीन वर्षांनी पाहिली. २००५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. व्यसन नसलेल्यांमध्ये असा फरक दिसला नाही. मनुष्यबळ तोकडे असलेल्या जिल्ह्याने या निष्कर्षातून आपला प्राधान्यक्रम ठरवावा: खर्रा, तंबाखू, सुपारी आणि दारू घेणारे आधी, बाकीचे नंतर.

राष्ट्रीय कार्यक्रम आहे, त्याची चौकटही चांगली आहे. ३० वर्षांवरील प्रत्येकाची तोंडाच्या कर्करोगासाठी पाच वर्षांतून एकदा तपासणी व्हावी, अशा सूचना २०१६ पासून आहेत. आशा ताई घरोघरी जोखमीचा तक्ता भरतात आणि उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, समुदाय आरोग्य अधिकारी तोंड पाहतात. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयोगटातील देशभरच्या स्त्रियांपैकी ०.९ टक्के आणि पुरुषांपैकी १.२ टक्के एवढ्यांचीच तोंडाची तपासणी कधी तरी झालेली होती. तक्ता भरून होतो, तोंड पाहायचे राहून जाते.

चौकटीत स्थानिक पातळीवर दोन बदल करायला हवेत. पहिला वयाचा. खर्रा पंधराव्या-सोळाव्या वर्षी सुरू होत असेल तर पंचविशीत तोंड आखडलेले असू शकते. खर्रा खाणाऱ्यांसाठी तिशीची वाट न पाहता अठराव्या वर्षापासून तपासणी करावी. दुसरा बदल अंतराचा. रोज खर्रा खाणाऱ्याला पाच वर्षांनी पुन्हा पाहणे म्हणजे चट्ट्यापासून गाठीपर्यंतचा सगळा प्रवास नजरेआड होऊ देणे. त्याची तपासणी दरवर्षी व्हावी, आणि चट्टा किंवा आखडलेपणा आढळलेल्याची दर तीन ते सहा महिन्यांनी.

यामुळे कामाचा बोजा पेलणार नाही, ही भीती हिशेब मांडला की कमी होते. आदिवासी भागातील उपकेंद्राच्या निकषानुसार त्याच्याकडे ३,००० लोकसंख्या असते. त्यात तिशीपुढचे साधारण ३७ टक्के, म्हणजे अकराशेच्या आसपास. निम्मे खर्रा किंवा तंबाखू खाणारे धरले तर साडेपाचशे लोक दरवर्षी, म्हणजे महिन्याला सेहेचाळीस. उरलेले साडेपाचशे पाच वर्षांत एकदा, म्हणजे महिन्याला नऊ. तिशीच्या आतले खर्रा खाणारे धरूनही आकडा महिन्याला सत्तर-ऐंशीच्या पुढे सहसा जाणार नाही. एका तोंडाला पाच मिनिटे लागतात. महिन्यातले दोन ठरलेले अर्धे दिवस त्याला पुरतात. एका दिवसाच्या शिबिरात दोन-तीनशे तोंडे उरकण्यापेक्षा हे कितीतरी चांगले.

तोंड तपासण्याची रीत

तपासणीसाठी चांगला टॉर्च, लाकडी चपट्या पट्ट्या किंवा दंतआरसे, हातमोजे आणि चूळ भरायला पाणी लागते. खर्र्याने रंगलेल्या तोंडात काहीच नीट दिसत नाही. दोन-तीन खळखळून चुळा भरल्याशिवाय सुरुवात करू नये. कवळी असेल तर काढायला लावावी. माणसाला खिडकीकडे तोंड करून बसवावे.

पहिला प्रश्न एवढाच: खर्रा कोणत्या बाजूला धरता? बहुतेकांची बाजू ठरलेली असते, आणि विकार तिथेच आधी दिसतो. गाल पट्टीने बाहेर ओढून गाल आणि हिरडी यांच्यामधली खाच तळापर्यंत पाहावी. घाईच्या तपासणीत नेमकी हीच जागा सुटते. मग दुसरा गाल, ओठांची आतली बाजू, हिरड्या, टाळू. जीभ बाहेर काढायला लावून गॉजने धरावी आणि दोन्ही कडा मागपर्यंत पाहाव्यात. जीभ वर करून तिच्याखालची जागा पाहावी. शंका येईल तिथे बोटाने दाबून घट्टपणा जाणवतो का ते बघावे, कारण कर्करोगाची जखम कडेने कडक लागते. शेवटी जबड्याखाली आणि मानेवर गाठी चाचपाव्यात.

तोंड उघडण्याचे माप माणसाच्या स्वतःच्याच बोटांनी घ्यावे. त्याची तीन बोटे उभी करून वरच्या आणि खालच्या दातांच्या मध्ये जायला हवीत. दोनच जात असतील, किंवा भाजीतले साधे तिखटही तोंडाला झोंबत असेल, तर सबम्यूकस फायब्रोसिसचा संशय घ्यावा. हे माप दर भेटीत आकड्यात लिहावे. 'तोंड कमी उघडते' या शेऱ्यावरून वर्षभराने काहीच कळत नाही.

पुढे पाठवायचे कोणाला, हे सगळ्या कार्यकर्त्यांना एकसारखे माहीत हवे. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, कोणताही लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, गाठ किंवा वाढ, विनाकारण हलणारा दात, दात काढल्यावर न भरणारी खोबण, दोन बोटांपेक्षा कमी उघडणारे तोंड आणि मानेतली कडक गाठ. लाल चट्टा पांढऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा असतो, तरी तो दुखत नाही म्हणून दुर्लक्षिला जातो. तुटक्या दाताची धार लागून झालेली जखम असेल तर धार घासून घ्यावी आणि दोन आठवड्यांनी पुन्हा पाहावे. तेव्हाही जखम तशीच असेल तर दाताला दोष देत बसू नये.

तपासणी हीच खर्रा सोडण्याचा सल्ला देण्याची सर्वांत योग्य वेळ आहे. स्वतःच्या गालातला चट्टा आरशात किंवा मोबाइलच्या फोटोत पाहिलेला माणूस जेवढे ऐकतो, तेवढे भिंतीवरचा फलक वाचणारा ऐकत नाही. गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था, टाटा ट्रस्ट आणि राज्य शासन यांच्या सहभागातून २०१६ पासून चालणाऱ्या मुक्तिपथ अभियानाची तालुक्याच्या ठिकाणी व्यसनउपचाराची सोय आहे. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी १८००-११-२३५६ हाही उपलब्ध आहे. तपासणाऱ्याच्या गालात खर्रा असेल तर मात्र या सल्ल्याला किंमत उरत नाही. आरोग्य कर्मचाऱ्यांची तोंडे सगळ्यांच्या आधी तपासावीत आणि त्यांना सोडायला मदत करावी.

चट्टा सापडल्यानंतर

बहुतेक कार्यक्रम इथेच गळतात. केरळच्या त्या काटेकोर चाचणीतही संशयित निघालेल्या ५,१४५ लोकांपैकी ३,२१८ जण, म्हणजे ६३ टक्केच, पुढच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचले. तिथे रस्ते आहेत, बस आहेत, साक्षरता आहे. भामरागडहून गडचिरोली सुमारे १८० किलोमीटर, आणि गडचिरोलीहून नागपूर जवळपास तेवढेच पुढे. संपूर्ण जिल्ह्यात रेल्वे फक्त देसाईगंजला, म्हणजे वडसाला. मजुरी बुडवून, पदरचे पैसे घालून, न दुखणाऱ्या चट्ट्यासाठी एवढा प्रवास माणसाने करावा, ही अपेक्षाच चुकीची आहे. जितकी कामे गावाजवळ होतील तितकी करावीत आणि प्रवास शक्य तितका कमी करावा.

पहिली पायरी फोटोची. उपकेंद्रातूनच मोबाइलवर, पुरेशा उजेडात, गाल ओढून काढलेले दोन स्पष्ट फोटो ग्रामीण रुग्णालयातील दंतशल्यचिकित्सकाला ई-संजीवनीद्वारे दाखवता येतात. बऱ्याच जणांना काही दिवसांनी पुन्हा पाहणे पुरते, हे तिथेच ठरते. नेटवर्क नसलेल्या गावांत फोटो काढून ठेवावा आणि आठवड्याच्या बैठकीला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावा.

दुसरी पायरी बायोप्सीची, आणि ती अहेरी, कुरखेडा, आरमोरी यांसारख्या उपजिल्हा रुग्णालयांतच व्हायला हवी. तोंडातला छोटा तुकडा भूल देऊन काढणे प्रशिक्षित दंतवैद्याला जमते. त्याला शस्त्रक्रियागृह लागत नाही. तुकडा त्याच्या आकारमानाच्या किमान दहापट फॉर्मालिनमध्ये बुडवावा. बाटलीवर नाव, क्रमांक, तारीख आणि तोंडातली नेमकी जागा व बाजू लिहावी. अशी बाटली चंद्रपूर किंवा गडचिरोलीच्या प्रयोगशाळेत पाठवता येते. तुकड्याच्या तपासणीसाठी माणसाने जिल्ह्याला जाण्याची गरज नसते. अहवाल आल्यावर तो थेट रुग्णाच्या हातात न देता समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे यावा आणि त्यांनी घरी जाऊन समजावून सांगावा. चिठ्ठीवरचा इंग्रजी शब्द वाचून कुणी तरी सांगितलेल्या अर्ध्या माहितीने घाबरलेला माणूस पुन्हा येत नाही.

तुकडा काढला की रोग पसरतो, ही समजूत सर्वत्र आहे. तिला हसून चालत नाही. बायोप्सी झालेली आणि नंतर माणूस दगावलेला, असा प्रत्यक्ष अनुभव त्या गावाकडे असतो; कारण तो माणूस आधीच फार उशिरा गेलेला असतो. उत्तर म्हणून लवकर जाऊन बरा झालेला, त्याच पंचक्रोशीतला माणूस गावात आणावा. सोलापूर जिल्ह्यातील बार्शीच्या ग्रामीण कर्करोग नोंदणीचा अनुभव इथे उपयोगी पडतो. ही नोंदणी १९८७ मध्ये सुरू झाली. नोंदणीच्या कार्यकर्त्यांनी गावोगावी फिरून प्रत्यक्ष बोलणे चालू ठेवले, आणि काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया आधीच्या टप्प्यात रुग्णालयात येऊ लागल्या.

तिसरी पायरी उपचारांची. चंद्रपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि टाटा ट्रस्ट, राज्य शासन व जिल्हा खनिज निधी यांच्या सहभागातून कर्करोग रुग्णालय उभे राहिले आहे. नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि एम्स आहेत. सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आहे. कोणत्या तालुक्याने कोठे पाठवायचे हे जिल्ह्याने आधीच ठरवून कागदावर द्यावे, म्हणजे रुग्ण एका दारातून दुसऱ्या दारात फिरत राहत नाही. सिरोंच्याचे लोक गोदावरी ओलांडून तेलंगणात जातात, कारण ते जवळ पडते. त्यांना अडवू नये, पण त्यांची नोंद इथल्या वहीत राहावी.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. तिच्या मूळ योजनेची सुरुवात २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत झाली, त्यात गडचिरोली होता. शिधापत्रिका आणि आधार कार्डावरील नावांत फरक असेल तर तो गावातच दुरुस्त करून मग माणसाला पाठवावे. नागपुरात गेल्यावर नावातल्या एका अक्षरापायी आठवडा वाया जातो. एसटी आणि रेल्वेत कर्करुग्णांना सवलत आहे. तरीही जेवण, मुक्काम आणि सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी हा भार उरतोच, आणि उपचार अर्धवट सुटण्याचे ते मोठे कारण असते. खनिज निधीच्या नियमांत आरोग्य हे अग्रक्रमाचे क्षेत्र आहे. या भारासाठी तो वापरावा. बांबू आणि तेंदूपत्त्याचे उत्पन्न मिळणाऱ्या ग्रामसभांनीही दरवर्षी थोडी रक्कम यासाठी बाजूला ठेवायला हरकत नाही. नागपूरला पहिल्यांदा जाणाऱ्या माडिया कुटुंबाबरोबर त्यांची भाषा बोलणारा एक माणूस गेला, तर पुढच्या सगळ्या फेऱ्या सोप्या होतात.

केव्हा, कुठे, कोणाकडून

तपासणीचे वेळापत्रक जंगल आणि शेती यांच्या कामांप्रमाणे आखावे. मार्च-एप्रिलमध्ये माणसे मोह वेचायला पहाटेच जातात. मे महिन्यात तेंदूपत्ता, जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी, नंतर कापणी आणि मळणी. पावसात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटते. गावात माणसे सापडतात ती मुख्यतः जानेवारी आणि फेब्रुवारीत, म्हणून मोठा फेरा तेव्हाच करावा. इतर महिन्यांत तपासणी लोकांच्या पाठोपाठ जावी: आठवडी बाजारात, तेंदूच्या फळीवर, राशन दुकानाच्या रांगेत. बल्लारपूर, राजुरा, भद्रावती, वरोरा या औद्योगिक आणि खाणपट्ट्यात पाळी सुरू होण्याआधीचा अर्धा तास उत्तम असतो. तिथल्या कंत्राटी कामगारांकडे कंपनीच्या दवाखान्याचे लक्ष नसते. त्यांना वगळू नये.

भाषेकडे दुर्लक्ष करून चालत नाही. एटापल्ली-भामरागडला माडिया, धानोऱ्याकडे गोंडी, कोरचीला छत्तीसगढी, सिरोंच्याला तेलुगू, मुलचेरा आणि चामोर्शीच्या काही गावांत बंगाली. 'लक्षणे असल्यास संपर्क साधा' असा मराठी फलक लावून काम झाले असे समजू नये. गावातल्या पुजाऱ्यालाही विश्वासात घ्यावे. तोंड आले, गिळता येत नाही, रक्त पडते, या तक्रारी आधी त्याच्याकडे जातात. पंधरा दिवसांत बरे न वाटलेल्या माणसाला उपकेंद्रात पाठवायचे, एवढे त्याच्याशी ठरले तरी पुष्कळ साधते.

दारूबद्दल विचारताना सांभाळावे लागते. तंबाखू आणि दारू एकत्र आली की तोंडाच्या आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका फार वाढतो, म्हणून विचारणे आवश्यक आहे. पण गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरातली बंदी २०१५ मध्ये लागू होऊन २०२१ मध्ये उठली. चारचौघांत विचारलेल्या प्रश्नाला खरे उत्तर मिळत नाही. प्रश्न एकट्याला विचारावा आणि ते उत्तर दर्शनी कागदावर लिहू नये.

अन्ननलिका, जठर, आतडे, यकृत

दक्षिण कोरियात १९९९ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात चाळिशीपुढच्या लोकांची जठराची तपासणी दर दोन वर्षांनी होते. पाश्चात्त्य देशांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी शौचातले अदृश्य रक्त शोधणारी फिट चाचणी सरसकट दिली जाते. त्या देशांत ते कर्करोग खूप आहेत आणि पुढची दुर्बीण तपासणी हाताशी आहे. भारतात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण त्या मानाने कमी आहे, आणि राष्ट्रीय कार्यक्रमातही जठर किंवा आतड्याची सरसकट तपासणी नाही. या दोन जिल्ह्यांत फिट चाचणी सुरू करण्याची घाई करू नये. अंकुशकृमींमुळेही आतड्यातून रक्त जाते आणि चाचणी सदोष ठरू शकते. नमुन्यातले हिमोग्लोबिन उष्णतेने विघटित होते, आणि चंद्रपूरचा पारा उन्हाळ्यात ४५ अंशांच्या पुढे जातो. शीतसाखळीशिवाय पाठवलेला नमुना खोटा दिलासा देईल. शिवाय चाचणीत रक्त आढळलेल्या प्रत्येकाला कोलोनोस्कोपी लागते. ती करून देण्याची ताकद नसताना शेकडो लोकांना 'दोष निघाला' असे सांगून घरी पाठवणे अन्यायाचे आहे. अपवाद कुटुंबात मोठ्या आतड्याचा कर्करोग झालेल्यांचा: आई, वडील किंवा भावंडांपैकी कुणाला तो झाला असेल तर चाळिशीत, किंवा त्या नातेवाइकाला ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षे आधी, यांतले जे आधी येईल तेव्हा कोलोनोस्कोपी करून घ्यावी.

बाकीच्यांसाठी लक्षणे हाच दरवाजा. कोरडा भात किंवा भाकरी घशाखाली अडकू लागली, पाण्याच्या घोटाने ढकलावी लागते आहे, असे दोन आठवडे चालले तर चाळिशीपुढच्या माणसाची एंडोस्कोपी व्हावी. द्रव पदार्थही अडकू लागेपर्यंत थांबले तर फार उशीर झालेला असतो. थोडे खाल्ले की पोट भरणे, सतत उलट्या, घटणारे वजन, डांबरासारखे काळे शौच ही जठराची लक्षणे. मात्र लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, ते आधी विचारावे. शौचातून रक्त पडले की ती मूळव्याध आहे असे गृहीत धरून महिनोन्महिने औषध चालते. गुदद्वारातून बोटाने तपासणी केल्याशिवाय हे निदान कुणीही करू नये. गुदाशयातल्या पुष्कळ गाठी बोटाला लागतात. वेदना नसलेली, वाढत जाणारी कावीळ असेल तर झाडपाला आणि पथ्य यांत आठवडे घालवण्याऐवजी लगेच सोनोग्राफी करावी.

या भागात एक लक्षण विशेष फसवे आहे, ते रक्तक्षयाचे. सिकलसेल इथे सर्रास आढळतो. त्यामुळे हिमोग्लोबिन कमी दिसले की कारण ठरवून टाकले जाते. पण सिकलसेलचा फक्त वाहक असलेल्या माणसाला त्यामुळे सहसा रक्तक्षय होत नाही. पन्नाशीतला पुरुष किंवा पाळी गेलेली स्त्री नव्याने फिकी पडली असेल, तर तो वाहक आहे म्हणून विचार थांबवू नये. जंताची गोळी आणि लोह द्यावे, चार-सहा आठवड्यांनी हिमोग्लोबिन पुन्हा पाहावे, आणि ते वाढले नाही किंवा पुन्हा घसरले तर जठर आणि आतड्याची दुर्बीण तपासणी करावी. सिकलसेलसाठी घरोघरी नोंद असलेली कार्डे आहेतच. त्याच भेटीत हे पाहून होते.

यकृताच्या कर्करोगात हेपटायटिस बी आणि दारू ही दोन मोठी कारणे आहेत. बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत हेपटायटिस बीची लस देणे हा सर्वांत स्वस्त प्रतिबंध आहे, आणि घरी होणाऱ्या बाळंतपणात तोच हुकतो. ज्यांना हा संसर्ग आहे त्यांच्यावर २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत उपचार होतात. यकृत कठीण झालेल्यांची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी व्हावी.

नोंदी आणि मोजमाप

कार्यक्रमाचे यश किती तोंडे तपासली यावर मोजले की कार्यकर्ते तोंडे मोजत राहतात. संशयितांपैकी किती जण तीस दिवसांत दंतवैद्याला भेटले, किती जणांची बायोप्सी झाली, कर्करोग निघालेल्यांत पहिल्या-दुसऱ्या टप्प्यातले किती, आणि उपचार सुरू करून पूर्ण केलेले किती, हे आकडे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या मासिक बैठकीत समोर यावेत. संशयितांची वही वेगळी असावी. तिच्यातल्या एकाही नावापुढचा रकाना कोरा राहता कामा नये. गडचिरोलीला ही शिस्त नवी नाही. शोधग्रामच्या 'सर्च'ने ३९ गावांत प्रत्येक जन्म आणि प्रत्येक बालमृत्यू नोंदवत गावातल्याच स्त्रियांकडून नवजात बालकांची घरी काळजी घेतली, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिले. एकेका बाळाच्या मागे लागण्याची ती चिकाटी एकेका चट्ट्याच्या मागे लागायलाही पुरेल.

तपासणीचा दर्जाही तपासावा. 'निर्दोष' ठरवलेल्या दर वीस तोंडांपैकी एक दंतवैद्याने पुन्हा पाहावे. एखाद्या उपकेंद्रात वर्षभर एकही चट्टा सापडत नसेल, तर खर्रा खाणाऱ्या भागात तो तपासणीच्या उणिवेचा पुरावा समजावा आणि तिथल्या कर्मचाऱ्यांना पुन्हा प्रत्यक्ष रुग्णांवर शिकवावे.

ज्यांच्यावर उपचार पूर्ण झाले आहेत, त्यांची तपासणी थांबत नाही. तोंडाचा एक कर्करोग झालेल्याला त्याच तोंडात किंवा अन्ननलिकेत दुसरा होण्याचा धोका राहतो, विशेषतः खर्रा सुटला नसेल तर. पहिल्या वर्षी दर एक ते तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दोन ते सहा महिन्यांनी, त्यानंतर पाचव्या वर्षापर्यंत चार ते आठ महिन्यांनी तोंड आणि मान पाहावी लागते. प्रत्येक भेटीसाठी नागपूर गाठणे कुणालाच परवडत नाही. रुग्णालयाने घरी सोडतानाच पुढच्या भेटींच्या तारखा, शस्त्रक्रियेची बाजू आणि कशावर लक्ष ठेवायचे हे एका कार्डावर लिहून द्यावे. मधल्या भेटी उपकेंद्रात व्हाव्यात आणि नवा चट्टा, गाठ किंवा गिळण्याचा त्रास दिसला तरच रुग्णालयात पाठवावे. किरणोत्सर्गाच्या उपचारांनंतर तोंड कोरडे पडते आणि दात लवकर किडतात, म्हणून या माणसांना दंतवैद्याची भेट दर सहा महिन्यांनी ठरवून द्यावी, आणि दात काढायची वेळ आली तर उपचार करणाऱ्या रुग्णालयाला विचारल्याशिवाय तो काढू नये.